काडीच्या माणसांची व्यंगचित्रे : एक्सकेसीडी

इंदूरच्या दुकानदारांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आमच्या लहानशा कार्यालयात, फळ्याच्या शेजारी, तीन व्यंगचित्रे कायमची लावलेली आहेत. तिन्ही ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेतली आहेत. संगणकाच्या कामावरचे विनोद मी पुष्कळ वाचले आहेत, पण ज्यांच्यामुळे आमच्या हातचे काम प्रत्यक्ष सुधारले अशी हीच आढळली, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहिते.

अमेरिकेतील रँडल मन्रो यांनी ही मालिका २००५ मध्ये सुरू केली. ते भौतिकशास्त्र शिकलेले असून काही काळ नासाच्या लँगली संशोधन केंद्रात काम करत होते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीनदा नवे चित्र येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. चित्रावर माउस नेऊन ठेवला की आणखी एक वाक्य उमटते; पुष्कळदा खरी गंमत त्या वाक्यातच असते, म्हणून ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पात्रे म्हणजे काड्यांची माणसे : वाटोळे डोके, चार रेघा, चेहरा कोरा. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर शि. द. फडणीसांची चित्रे पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला हे सुरुवातीला फार रुक्ष वाटले. फडणीसांकडे शब्दाविना रेषाच हसवते; इथे रेषा नुसती उभी राहते आणि सगळा भार शब्दांवर असतो. मात्र महाराष्ट्राच्या शालेय गणिताच्या पुस्तकांसाठी फडणीसांनी जी चित्रे काढली, त्यांच्याशी यांचे नाते मला जवळचे वाटते, कारण दोन्हीकडे हसता हसता आतली गोष्ट नेमकी कळते.

याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे ३२७ क्रमांकाचे चित्र. शाळेतून एका आईला फोन येतो की, तुमच्या मुलाच्या नावामुळे आमच्या विद्यार्थ्यांच्या साऱ्या नोंदी गेल्या. आईने मुलाचे नावच असे ठेवलेले असते की त्याच्या पोटात डेटाबेसचे, म्हणजे नोंदींच्या साठ्याचे, टेबल पुसून टाकण्याची आज्ञा दडलेली आहे. आमच्याकडे हे चित्र लागले त्यामागे राजेंद्रनगरातील एक बेकरी आहे. तिच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत, मालकाच्या नावापुढे वर टांगलेला स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) आणि ‘एस’ असे लिहिलेले होते. मालक मराठीच, त्यांचा दोनदा फोन आला : “ताई, दुकानाचे नाव लिहिले की लाल पाटी येते, नाव काढले की बिल निघते.” आम्ही आधी इंटरनेटला आणि मग प्रिंटरला दोष दिला. शेवटी कोड उघडला, तेव्हा दिसले की दुकानदाराने लिहिलेले नाव आम्ही जसेच्या तसे क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेच्या, मजकुरात चिकटवत होतो. मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे डेटाबेस त्याच चिन्हावरून ओळखतो. त्यामुळे नाव अर्ध्यावर संपल्याचे त्याने धरले आणि उरलेला ‘एस बेकरी’ हा तुकडा आज्ञा समजून वाचायला घेतला. आज्ञा निरर्थक होती, म्हणून ती नुसती नाकारली गेली. तिथे कोणी जाणूनबुजून अर्थपूर्ण आज्ञा लिहिली असती तर त्या काकांचा वर्षभराचा हिशेब गेला असता. अशा एकेचाळीस जागा निघाल्या आणि त्या दुरुस्त करायला दोन दिवस लागले.

इथे एक मतभेद नोंदवते. चित्रातली आई आत येणारा मजकूर साफ करून घेण्याचा सल्ला देते. तो अर्धाच उपाय आहे. खरी पद्धत अशी की आज्ञेत रिकामी जागा सोडायची आणि नाव वेगळे पाठवायचे, म्हणजे डेटाबेस त्याला कधीच आज्ञा समजत नाही. नव्या मुलांना हे चित्र दाखवताना मी हा फरक आवर्जून सांगते.

दुसरे चित्र ९३६ क्रमांकाचे, पासवर्डविषयी. एका शब्दात आकडे आणि चिन्हे घुसडून केलेल्या पासवर्डची ताकद ते २८ बिट मांडते, तर चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या चार साध्या शब्दांची ४४ बिट; एक बिट वाढला की ओळखायला लागणारे प्रयत्न दुप्पट होतात. सेकंदाला १००० प्रयत्न धरले तर पहिला तीन दिवसांत सापडतो आणि दुसऱ्याला ५५० वर्षे लागतात. चित्र २०११ चे आहे. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणे टाळावे, असे मार्गदर्शन केले. फक्त ते चार शब्द खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेले हवेत. माझ्या वडिलांनी हे ऐकून आवडत्या अभंगाची ओळ पासवर्ड म्हणून ठेवली होती. ती मी त्यांना बदलायला लावली, कारण जी ओळ हजारो लोकांना पाठ आहे ती गुप्त राहत नाही.

तिसरे चित्र २३४७ क्रमांकाचे आणि माझे सर्वांत आवडते. आजच्या साऱ्या डिजिटल व्यवस्थेचा ठोकळ्यांचा उंच मनोरा दाखवला आहे आणि तो तळाशी एका बारीकशा ठोकळ्यावर तोललेला आहे. तो ठोकळा म्हणजे नेब्रास्कातील कोणी एक माणूस २००३ पासून, कोणाच्या आभाराविना, सांभाळत असलेला प्रकल्प. यात अतिशयोक्ती वाटत असेल तर २०१६ चा मार्च आठवावा : ‘लेफ्टपॅड’ नावाची अकरा ओळींची लायब्ररी, म्हणजे इतरांनी आयता वापरायचा कोड, तिच्या लेखकाने काढून घेतली आणि जगभरातले असंख्य सॉफ्टवेअर प्रकल्प काही तास तयारच होईनात. चित्र २०२० चे. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘लॉगफोरजे’ या अशाच सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षेची फट उघडी पडली आणि तीच गोष्ट पुन्हा दिसली. हे चित्र लावल्यावर आम्ही आपल्या लायब्ररींची यादी केली आणि त्यांतल्या दोन लायब्ररी सांभाळणाऱ्यांना दरवर्षी थोडे पैसे पाठवू लागलो.

उणिवाही आहेत. गणित आणि भौतिकशास्त्रावरची कित्येक चित्रे मला दोनदा वाचूनही कळत नाहीत, आणि अमेरिकी निवडणुकांवरची आपल्याला परकीच राहतात. शब्दांवरच्या कोट्या इंग्रजीत अडकलेल्या असल्याने मराठीत सांगायला गेले की विरून जातात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘डिल्बर्ट’ या कार्यालयावरच्या चित्रमालिकेत साहेबावर हसायला मिळते, ते इथे फारसे नाही, ज्याला कार्यालयातल्या माणसांवर हसायचे आहे त्याची निराशा होईल.

चित्रे पैसे कमावण्याचा हेतू नसेल तर श्रेय देऊन छापून लावण्याची मुभा परवान्यातच आहे, विकण्याची नाही. त्यामुळे कपांवर छापून विकणाऱ्यांकडून घेऊ नयेत. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कागद काढून घ्यावा आणि रँडल मन्रो यांचे नाव खाली ठळक लिहावे. नव्या वाचकाने एकपासून क्रमाने वाचत बसू नये, कारण सुरुवातीची चित्रे वहीतल्या रेखाटनांसारखी आहेत. ३२७ पासून आरंभ करावा, आणि ते वाचून झाल्यावर आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या नावाच्या जागी एक टांगलेला स्वल्पविराम लिहून पाहावा.