टोपिक-२ ची नऊ महिने तयारी: काय कामी आलं, काय कपाटात गेलं

टोपिक म्हणजे परदेशी लोकांसाठीची कोरियन भाषेची परीक्षा. आधी निकाल सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. एप्रिलमध्ये ३०० पैकी १४२, म्हणजे लेव्हल ३. नोव्हेंबरमध्ये १८०, म्हणजे लेव्हल ४. चौथ्या लेव्हलला १५० लागतात, पाचवीला १९०. एकदा आठ गुणांनी राहिलं, एकदा दहा गुणांनी. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, रोज साधारण दीड तास, मी जे जे वापरलं त्याचा हा हिशेब.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात येऊन हे तिसरं वर्ष. भाजी, टॅक्सी, दवाखाना एवढं कोरियन येत होतं आणि तेवढ्या जोरावर वाटायचं, येते की आपल्याला भाषा! मग इथल्या एका विद्यापीठात अर्ज करायचं मनात आलं आणि कळलं की 'येते' असं आपण म्हणून चालत नाही, टोपिकचा कागद लागतो. तो कागदही निकालापासून दोनच वर्षं चालतो.

ज्यांना परीक्षेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोपिक-१ सुरुवातीच्या दोन लेव्हलसाठी. टोपिक-२ एकच पेपर, गुणांप्रमाणे लेव्हल ३ ते ६. त्यात ऐकण्याचे ५० प्रश्न ६० मिनिटांत, लेखनाचे ४ प्रश्न ५० मिनिटांत आणि वाचनाचे ५० प्रश्न ७० मिनिटांत, प्रत्येकाला १०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेतला पर्यायाचा एकही गोल रिकामा सोडू नये. नोव्हेंबर २०२३ पासून संगणकावरही ही परीक्षा होते, पण मी दोन्ही वेळा कागदावरचीच दिली. बोलण्याची परीक्षा वेगळी असते, तिच्या वाटेला मी गेले नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फुकटच्या गोष्टीचा. टोपिकच्या अधिकृत साइटवर ३५व्या परीक्षेपासूनच्या निवडक प्रश्नपत्रिका ऑडिओ आणि उत्तरांसकट ठेवलेल्या आहेत. ३५वीपासूनच का, तर २०१४ साली तेव्हापासून पेपरचं स्वरूप बदललं. हे मला आधी माहीत नव्हतं. एका मैत्रिणीने देश सोडताना दिलेलं जुनं पुस्तक घेऊन मी तीन आठवडे शब्दसंग्रह आणि व्याकरणाचा स्वतंत्र विभाग घोटत बसले होते. तो विभाग आता पेपरात नाहीच! पुस्तक फुकट मिळालं होतं, तीन आठवडे मात्र गेले.

प्रश्नपत्रिका वापरण्यातही पहिल्यांदा घोळ घातला. एप्रिलच्या आधी दोन महिन्यांत मी त्या फरसाणासारख्या संपवल्या. दर शनिवारी एक, वेळ लावून, गुण मोजून, वहीत आकडा लिहून मोकळी. आकडा काही हलत नव्हता. परीक्षा देण्याची सवय झाली, भाषा तिथेच राहिली. मे महिन्यात निकाल हातात आल्यावर नव्या सराव पेपरांची दोन महागडी पुस्तकं आणली. त्यांतले प्रश्न खऱ्या पेपरापेक्षा अवघड होते, पण अवघडपणा भलत्याच ठिकाणी. शेवटी जुन्याच प्रश्नपत्रिकांकडे परत गेले आणि त्याच वेगळ्या पद्धतीने वापरायला शिकले.

म्हणजे असं की या पेपरात प्रश्नांच्या जागा ठरलेल्या असतात. वाचनात १३ ते १५ म्हणजे विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावणं, २५ ते २७ म्हणजे बातम्यांचे मथळे, ३९ ते ४१ म्हणजे एक सुटं वाक्य परिच्छेदात नेमकं कुठे बसतं ते शोधणं, ४२-४३ ला कथेचा उतारा. एक पूर्ण पेपर सोडवण्याऐवजी मी एकाच जागेचे सगळ्या पेपरांतले प्रश्न सलग केले. एक अख्खा आठवडा फक्त मथळे. मथळ्यांत प्रत्यय गाळलेले असतात, क्रियापद नसतं आणि मध्येच एखादा नादशब्द येतो. 'निर्यात पुन्हा टुणकन', 'घरांचे भाव जागच्या जागी' अशा धाटणीचं. मराठी पेपर वाचणाऱ्याला ती धाटणी ओळखीची आहे, फक्त शब्द हवेत. कोरियनमध्ये आपल्या धडधड, लुकलुक, झपाझपसारखे शब्द पोत्याने आहेत. छातीत धडधडलं की 'तुगुन-तुगुन', चमचम म्हणजे 'पांज्जाक-पांज्जाक'. हे मी पाठ केले नाहीत, ते आपोआप राहिले.

ऐकण्याच्या भागात पहिले वीस प्रश्न एकदाच ऐकवतात, पुढचे दोनदा. त्यामुळे पर्याय आधी वाचून ठेवले नाहीत तर पहिल्या वीसमध्येच माणूस गळतो. ऑडिओचे तुकडे करून मी ते सुवॉन-सादांग ७७७० नंबरच्या बसमध्ये ऐकायचे. पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा वाक्याचा शेवट पकडण्यासाठी. कोरियनमध्ये मराठीसारखंच क्रियापद शेवटी, आणि सगळी मेख तिथेच. बोलणारा आग्रह करतोय, तक्रार करतोय की ऐकीव सांगतोय, हे शेवटच्या दोन अक्षरांत कळतं. बसमध्ये डुलकी लागली तर तुकडा गेला. माझे बरेच गेले.

आता शब्दांच्या उजळणीसाठीचं कार्डांचं ॲप, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. मी अँकी वापरलं. अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. ॲप उत्तम, वापरणारी बावळट. कोणीतरी बनवलेला सहा हजार शब्दांचा तयार संच एका रात्रीत उतरवून घेतला आणि रोजचे पन्नास नवे शब्द लावले. बाराव्या दिवशी उजळणीला चारशेच्या वर कार्डं साचली. सकाळी चहा पिताना ती संख्या बघूनच अंगावर काटा यायचा. तो संच जूनमध्ये पुसून टाकला आणि स्वतः चुकलेल्या प्रश्नांतून रोज आठ-दहाच कार्डं बनवायला लागले. कार्डावर सुटा शब्द नाही, ज्या वाक्यात अडले ते वाक्य. नोव्हेंबरपर्यंत साधारण हजारभर झाली असतील, पण ती माझी होती.

शब्द लावताना आणखी एक युक्ती सापडली. परीक्षेचे बरेचसे शब्द चिनी मुळांचे असतात, आपल्याकडे छापील मराठीत तत्सम शब्दांची गर्दी असते तसे. 'हाक' म्हणजे विद्या. मग हाक्क्यो शाळा, हाक्सेंग विद्यार्थी, हाग्वॉन खासगी क्लास, पांगहाक सुट्टी, यूहाक परदेशी शिक्षण. विद्यालय, विद्यार्थी, विद्यापीठ ज्याला एका माळेत दिसतात त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मुळाप्रमाणे कार्डं एकत्र केली आणि अनोळखी शब्दाचा अर्धा अर्थ अंदाजाने लागायला लागला.

इथेच या नऊ महिन्यांतली खरी गोष्ट येते. माझी सगळी पुस्तकं इंग्रजीतून कोरियन शिकवणारी. इथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन शब्दकोश चांगला आहे, अनेक भाषांत आहे, पण त्यात मराठी नाही. त्यामुळे डोक्यात कोरियनचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी अशी दोन स्टेशनं बदलत प्रवास चालायचा. जुलैमध्ये एका संध्याकाळी 'हे बोदा' या रूपावर तीन ओळींचं इंग्रजी स्पष्टीकरण वाचत होते. एखादी गोष्ट प्रयत्न म्हणून करणे, वगैरे वगैरे. बोदा म्हणजे बघणे. हे बोदा म्हणजे करून बघणे. अगं बाई, हे तर आपलंच आहे!

त्या रात्री वही घेऊन बसले. जुदा म्हणजे देणे, हे जुदा म्हणजे करून देणे. दुदा म्हणजे ठेवणे, हे दुदा म्हणजे करून ठेवणे. बॉरिदा म्हणजे फेकून देणे, टाकणे, आणि हे बॉरिदा म्हणजे करून टाकणे. यात इंग्रजीचं कामच काय? पुढे नादच लागला. 'नुरागो' हे रूप मला कधीच जमलं नव्हतं, पुस्तकात त्यापुढे 'कारण' एवढंच लिहिलेलं. खरं म्हणजे ते आपलं 'च्या नादात' आहे: टीव्ही बघण्याच्या नादात गृहपाठ राहिला. 'जामाजा' म्हणजे पोचल्या पोचल्या. 'प्पॉन्हादा' म्हणजे पडता पडता वाचले. 'मान्हादा' म्हणजे बघण्यासारखं, खाण्यासारखं. आणि 'खॉन्यॉंग' तर थेट आपलं 'सोडाच': जेवण सोडाच, पाणीही प्यायले नाही. व्याकरणाची साठेक रूपं मी अशी मराठीतून पुन्हा मांडली. नवऱ्याला दाखवली तर तो म्हणाला, "ही वही छाप." छापणार नाही, पण या खरेदीत सगळ्यात मोलाची वस्तू ती साठ रुपयांची सांगलीहून आणलेली दोनशेपानी वहीच.

मराठीने सगळीकडे मात्र साथ दिली नाही. नामाला लागणारे 'उन-नुन' आणि 'इ-गा' हे प्रत्यय, त्यांतला फरक मराठीतून उकलत नाही, तो अजूनही पन्नास टक्के अंदाजच आहे. उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवय तर लवकर मोडलेली बरी. कोरियनमधला साधा क, हिसक्याचा क आणि ख हे तीन वेगळे आवाज मी क, ग, ख म्हणून लिहून ठेवले आणि कान त्यातच अडकला.

लेखनाकडे येते, कारण मार तिथेच बसला. एप्रिलमध्ये ऐकणं ५८, वाचन ६०, लेखन २४. चार प्रश्न असतात, ५१ ते ५४. पहिल्या दोनांत गाळलेल्या जागी वाक्य पुरं करायचं, प्रत्येकी दहा गुण. ५३ ला तक्ता किंवा आलेख बघून २०० ते ३०० अक्षरांचं वर्णन, ३० गुण. ५४ ला ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध, ५० गुण. उत्तर चौकटींच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर, शब्दांमधली मोकळी जागाही मोजली जाते. परिच्छेदाची पहिली चौकट रिकामी, आकडे मात्र एका चौकटीत दोन.

एप्रिलच्या आधी मी एका खासगी क्लासला दोन महिने गेले होते. तिथे ५४ साठी एक साचा पाठ करून घेतला: आधुनिक समाजात अमुक गोष्टीचं महत्त्व वाढत आहे, अशी सुरुवात, मग एकीकडे, दुसरीकडे, म्हणून. फी सांगत नाही, अजून दुखते. परीक्षेत मी साचा अक्षरशः ओतला. पण ५४ मध्ये विषयाखाली उपप्रश्न दिलेले असतात, आणि साच्याने त्यांतल्या एकालाही उत्तर दिलं नव्हतं. शिवाय निम्मी वाक्यं मी बोलण्यातल्या 'यो'ने संपवली होती. तिथे पुस्तकी 'दा'च लागतं.

जूनपासून शहराच्या केंद्रातल्या मोफत वर्गाला गेले. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या. सॉनसेंगनिमनी, म्हणजे या बाईंनी, माझा पहिला कागद वाचून लाल पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बाजारात बोलता तसं लिहिलंय. छान बोलता." त्या 'छान'ने जेवढं लागलं तेवढं २४ ने लागलं नव्हतं. त्यानंतर आठवड्याला एक ५३ आणि एक ५४, दोन्ही पेनाने. पेनाने हे महत्त्वाचं, कारण परीक्षेत दोन टोकांचं पेन देतात, जाड टोक गोल रंगवायला आणि बारीक टोक लिहायला, आणि घरी पेन्सिलने खोडून खोडून सुंदर निबंध लिहिणाऱ्याची तिथे गाळण उडते. ५३ हा सगळ्यात किफायतशीर प्रश्न आहे. वाढलं, घटलं, दुप्पट झालं, कारण अमुक, पुढे असं होईल, एवढी पंधरा-वीस वाक्यरूपं हातात बसली की विषय कोणताही असो, गाडी चालते. ५४ ला असा आडमार्ग मला मिळाला नाही.

नोव्हेंबरच्या अर्जाच्या दिवशी मी दुपारी निवांत साइट उघडली, तोवर सुवॉनच्या जागा संपलेल्या. चोनान शहरातलं केंद्र मिळालं. एक नंबरच्या लाइनने तासाभराचा प्रवास, त्यात मी मराठी वही चाळली आणि बाकी काही नाही. दुपारी एक ते दोन पन्नास ऐकणं आणि लेखन सलग, मग अर्धा तास सुट्टी, मग साडेचारपर्यंत वाचन. वाचनाचे शेवटचे चार प्रश्न या वेळीही न वाचताच रंगवले, खोटं कशाला बोला. बाहेर आल्यावर स्टेशनजवळ चोनानचे प्रसिद्ध आक्रोडाचे गोळे, होदू-ग्वाजा, विकणाऱ्या बाईंनी एक गरम गोळा पुढे केला. खाऊन बघा, म्हणाल्या. कोरियनमध्येही अगदी तसंच म्हणतात, शब्दाला शब्द.

निकाल: ऐकणं ६६, लेखन ४६, वाचन ६८. वाढलेल्या ३८ गुणांतले २२ एकट्या लेखनाचे.

कपाटात गेलेलं सामान: सराव पेपरांची दोन पुस्तकं, साच्यांची झेरॉक्स, सहा हजारांचा संच. कोणाला पुस्तकं हवी असतील तर पोस्टाचा खर्च देऊन न्या, आतल्या पेन्सिलच्या खुणा तुमच्याच. पाचव्या लेव्हलला दहा गुण हवेत आणि ते मी वाचनातून काढायचं ठरवलंय, म्हणून सध्या ३९ ते ४१ चा आठवडा चालू आहे. पुढच्या अर्जाच्या दिवसाचा गजर लावून ठेवला आहे.