लाइव्ह कोडिंग द्यावं की असाइनमेंट घ्यावी?

सॉफ्टवेअरमधल्या तीन-चार वर्षांच्या अनुभवावर पुण्यात कंपनी बदलायला निघालात, की काही ठिकाणी एचआर विचारतात: लाइव्ह कोडिंग राउंड देणार, की असाइनमेंट घरी करून पाठवणार? असाइनमेंट सोपी वाटते. पण हिंजवडीहून भूमकर चौकातलं ट्रॅफिक पार करत रात्री घरी पोचणाऱ्याने लगेच हो म्हणू नये.

लाइव्ह राउंड साधारण तासाभराचा. स्क्रीन शेअर करून लिहायचं. बघतात ते तुम्ही उत्तरापर्यंत कसे पोचता. नेहमीचा प्रश्न घ्या: यादीतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या आकड्याएवढी होते? लूपमध्ये लूप टाकला, म्हणजे प्रत्येक संख्या बाकी प्रत्येकीशी जुळवून पाहिली, तर एक लाख संख्यांसाठी जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागू शकतात. हॅशमॅप (आधी पाहिलेली संख्या लगेच सापडेल अशी नोंद) घेतला तर एका फेरीत काम होतं, मेमरी मात्र जास्त लागते. आधी पहिला मार्ग सांगा, तो का परवडत नाही ते सांगा, मग दुसऱ्यावर या. गप्प बसून बरोबर उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा असा बोलत लिहिणारा मला केव्हाही उजवा वाटतो. सवय नसेल तर मात्र येत असलेलंही ऐन वेळी सुचत नाही. आणि घरून देणार असाल तर गुरुवार टाळा, महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात.

असाइनमेंटमध्ये रोजचं काम दिसतं: एपीआयची (दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या दुव्याची) मांडणी, टेस्ट, रीडमी (कोड कसा चालवायचा याची टीप), नीटनेटके कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी). कोडी सोडवण्यात रस नसलेल्या, पण हाताने काम चोख करणाऱ्याला ही खरी संधी. फक्त ‘चार तासांचं काम’ म्हणून आलेली मेल अख्खा शनिवार-रविवार खाते, कारण दुसरा कुणी डॉकरसकट (कुठल्याही मशीनवर चालेल असं बांधून) करून देईल ही धास्ती असते. शिवाय पुढच्या राउंडला अनेकदा त्याच कोडवर चर्चा होते. एआयकडून लिहून घेतलेली ओळ तिथे समजावता आली नाही, तर सगळं मुसळ केरात.

घरी लहान मूल असेल, ऑफिसात रिलीज तोंडावर असेल, तर लाइव्हच घ्या. तासाभरात मोकळे. असाइनमेंट घ्यायचीच तर आधी विचारा: किती तास अपेक्षित आहेत, तपासणार कोण, नाकारली तर फीडबॅक मिळेल का? यावर टोलवाटोलवी झाली तर मी ती असाइनमेंट सोडूनच देईन.

लाइव्हची भीती वाटत असेल, तर एखाद्या मित्राला गूगल मीटवर बसवा आणि त्याच्यासमोर मोठ्याने बोलत प्रश्न सोडवा. मित्र टेस्टिंगवाला असेल तर उत्तमच, रिकामी यादी दिली तर काय होईल हे तोच पहिल्यांदा विचारेल.