डेटा रिकव्हरीच्या नावाखाली 17,600 ला गंडलो, तुम्ही गंडू नका

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटर न कळणारा माणूस नाही. बावीस वर्षं डीटीपी करतोय, पेजमेकरपासून कोरलपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दशक्रियेची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं. गल्लीतली अर्धी माणसं पेनड्राइव्ह उघडत नाही म्हणून माझ्याकडेच येतात. त्यामुळे हे लिहिताना किती लाज वाटतेय ते माझं मला माहीत. बायको म्हणाली लिहू नका, गिऱ्हाईकं हसतील. हसू देत. 17,600 रुपये गेलेत, हसण्याचे वेगळे थोडेच लागणारेत.

एप्रिलमधली गोष्ट. अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर, हातात सव्वीस पत्रिका अडकलेल्या. एका गिऱ्हाइकाने नवरदेवाचे फोटो आणले म्हणून त्याचा पेनड्राइव्ह लावला आणि त्याच मशीनला माझी एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क लावलेली होती, अकरा वर्षांचं सगळं काम तिच्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क उघडतो तर एकही फोल्डर नाही, सगळे शॉर्टकट, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो वाकडा बाण. शॉर्टकट व्हायरस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, झेरॉक्सच्या दुकानात एकदा जरी पेनड्राइव्ह लावला असेल तरी ओळख झालेली असते. मलाही होती! पण पेनड्राइव्हवर आला की मी फॉरमॅट मारून मोकळा व्हायचो. अकरा वर्षांच्या कामावर फॉरमॅट कसा मारणार, हातपायच गळाले. (ते शॉर्टकट क्लिक करत बसू नका, दर क्लिकला तो व्हायरस पुन्हा चालू होतो. मी सात-आठ तरी केले असतील.)

आता इथे थांबतो, कारण मला रात्री झोप येत नाही ती या एका गोष्टीमुळे. माय कॉम्प्युटर उघडलं की ड्राइव्हखाली ती निळी पट्टी दिसते ना, किती जागा भरली ते दाखवणारी. ती भरलेली होती. 931 जीबीपैकी 142 जीबी फ्री, असं खाली स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे उरलेले 789 जीबी जागच्या जागी होते. डेटा उडाला असता तर पट्टी रिकामी नको का? हे मला दिसलं. नुसतं दिसलं नाही, मी दुकानात जाऊन त्या माणसाला विचारलंसुद्धा, "पट्टी तर भरलेली दिसतेय हो?" तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, ती जागा व्हायरसने खाल्लीय." आणि मी मान हलवली. बावीस वर्षं डीटीपी करणाऱ्या माणसाने मान हलवली!

या दुकानात गेलोच का, तर नेहमीचा रिपेअरवाला वडिलांच्या आजारपणासाठी गावी गेलेला. मोठ्या रिकव्हरीवाल्यांना फोन केला तर डिस्क कुरिअर करा, तपासून कोटेशन देऊ, आठवडाभर धरा म्हणाले. आठवडा कुठून आणू, मुहूर्त काय माझ्यासाठी थांबणारेत? मग ऑनलाइन शोधलं, जाहिरात सापडली, "डेटा रिकव्हरी फक्त 999 पासून, डेटा नाही तर पैसे नाहीत." त्या "पासून"ने किती जणांची घरं बुडवली असतील देव जाणे. शहराचं आणि दुकानाचं नाव टाकत नाही, ओळखीच्या वकिलाने बजावलंय की हातात पक्कं बिल नसताना नाव घेतलंस तर दुकानवालाच तुझ्यावर अब्रुनुकसानीची नोटीस पाठवेल.

दुकान पहिल्या मजल्यावर. पोराने निळे हातमोजे घातले, डिस्क कानाला लावून ऐकली, तोंड वाईट केलं. मग मालक आला, चहा मागवला आणि विचारलं, "भाऊ, यात नेमकं काय काय आहे? सगळ्यात महत्त्वाचं कुठलं?" मी सगळं सांगितलं, सीझन आहे, सव्वीस पत्रिका आहेत, एका संस्थेची स्मरणिका अर्धी झालीय, आईच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ पण त्यातच आहे. तोवर दर निघाला नव्हता. माझं सांगून झाल्यावर निघाला, 14,500. अहो तुम्ही मेकॅनिककडे गाडी नेता तेव्हा तो विचारतो का, यातून कुठल्या लग्नाला जायचंय म्हणून? डिस्कमधे काय आहे हे कुणालाच सांगू नका. किती जीबी आणि काय बिघाड, एवढंच. दर तुमच्या घाबरण्यावर ठरतो, कामावर नाही.

घासाघीस करून 9,800 वर आणला आणि वर जिंकल्यासारखं वाटलं! तपासणीचे 500 रोख, अॅडव्हान्स 5,000 यूपीआयने. क्यूआर दुकानाचा नव्हता, कुणातरी बाईंच्या नावावर पैसे गेले, मी म्हटलं असेल बायकोचं खातं. माझं पण बायकोच्याच खात्यावर येतं, मग कुठल्या तोंडाने विचारणार. पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने "रिकव्हरी 9800, अॅड. 5000". सही नाही, तारीख नाही.

दुसऱ्या दिवशी फोन, भाऊ सीपीयूपण आणा, मशीनमधेही पसरलाय, नाहीतर आम्ही काढून देणार आणि तुम्ही घरी जाऊन परत लावणार. हे म्हणणं चूक नव्हतं, तीच तर गंमत आहे, ही माणसं निम्मं खरं बोलतात. फॉरमॅट आणि विंडोज 700, अँटीव्हायरस तीन वर्षांचा 2,400. तिसऱ्या दिवशी तिसरा फोन, डेटा निघाला पण काढताना तुमच्या डिस्कचं हेड गेलं, ती डेड आहे, नवीन घ्यावी लागेल, 4,200. घेतली. उरलेले 12,100 दिले, त्यातले 6,000 यूपीआय, 6,100 रोख, कारण "रोख दिलेत तर जीएसटी वाचेल." मला वाटलं माझा वाचतोय. जुनी डिस्क मागितली तर म्हणे ती कंपनीला पाठवावी लागते, आमच्याकडे जमा. सव्वीस पत्रिका वेळेत गेल्या, मी खूश. तीन जणांना त्या दुकानाचा नंबरसुद्धा दिला मी, काय सांगू तुम्हाला.

भांडं फुटलं जूनमधे. बीसीएची एक पोरगी ब्लॅकबुकची, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टची, प्रिंट काढायला आली होती, मी त्या नवीन डिस्कवरून काहीतरी शोधत होतो. ती म्हणाली, "काका, तुमची फोल्डरं अशी फिकट का दिसताहेत? हिडन केलीत का?" मी म्हटलं अगं रिकव्हरी करून आणलेत, 9,800 दिलेत, तसंच दिसत असेल. ती माझ्याकडे असं बघायला लागली ना, की मला खुर्चीतच घाम फुटला.

तो व्हायरस फायली खातबित नाही. फोल्डरं लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट करून ठेवतो, बस. दुकानवाल्याने माझी लपलेली फोल्डरं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली आणि माझ्या मशीनवर "हिडन फाइल्स दाखवा" या चौकोनात टिक मारली. त्यांचं लपलेपण काढायचीही तसदी घेतली नाही, म्हणून ती फिकट. तिने माझ्यासमोर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमधे) कमांड टाकली, अॅट्रिब, पुढे मायनस एच, मायनस आर, मायनस एस, मग ड्राइव्हचं अक्षर आणि स्टारसकट पाथ, शेवटी स्लॅश एस, स्लॅश डी. एंटर मारल्यावर थोडा वेळ कर्सर लुकलुकत राहिला आणि एकेक फोल्डर गडद पिवळं झालं. फुकट. पोरगीने प्रिंटचे पैसे दिले वर, मी घेत नव्हतो तरी. (ही कमांड व्हायरस काढत नाही हां, फक्त लपलेलं बाहेर आणते. आधी मशीन स्कॅन करा, नाहीतर परत तेच.)

आणि मग एकेक दिसायला लागलं. फोल्डरची नावं जशीच्या तशी, मराठी नावंसुद्धा. उडालेल्या किंवा फॉरमॅट झालेल्या डिस्कवरून फायली खरवडून काढल्या की बऱ्याचदा नावं राहत नाहीत, नुसते आकडे येतात. माझी सगळी फोल्डरं नावानिशी, तारखेनिशी परत आली तेव्हाच कळायला हवं होतं की ही नुसती कॉपी आहे. तिने क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून त्या "नवीन" डिस्कचे तास बघितले, 19,400 तास चाललेली! दिवसरात्र धरली तरी दोन वर्षांच्या वर. नवीन डिस्क घेतलीत तर दुकानातच हा आकडा बघा, फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन मिनिटं लागतात. आणि डिस्क कुणालाही देताना तिच्या लेबलवरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा, तो मी काढला नव्हता.

अँटीव्हायरसची तऱ्हा वेगळीच. तो चालू करायची लायसन्स की (कोड) व्हॉट्सअॅपवर आलेली, बॉक्स नाही बिल नाही. बहात्तराव्या दिवशी "लायसन्स ब्लॉक्ड". कंपनीच्या कस्टमर केअरवाल्याने बिचाऱ्याने नीट सांगितलं, ही की एका ऑफिसच्या नावावर आहे, बऱ्याच मशीनवर वापरली गेली म्हणून बंद केली. विंडोज 10 आणि 11 मधे डिफेंडर हा विंडोजचाच अँटीव्हायरस आधीपासून असतो, त्याला एक पैसा लागत नाही, अपडेट चालू ठेवा आणि पेनड्राइव्ह उघडण्याआधी स्कॅन करा, माझ्यासारख्या दुकानाला तेवढं पुरतं. विकत घ्यायचाच असेल तर स्वतःच्या ईमेलवर, स्वतः कंपनीच्या साइटवरून.

दुकानात भांडायला गेलो. मालकाने आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाला, "भाऊ, डेटा मिळाला का नाही? मग झालं तर. आणि तुमचं कोरल ओरिजिनल आहे का हो? फॉरमॅट मारताना बघितलं मी." मी गप्प. आता यावरून मला शहाणपण शिकवू नका, जिल्ह्याच्या गावात किती डीटीपीवाल्यांकडे लायसन्सचं कोरल आहे ते आपण सगळे जाणतो. पण बघा, मशीन ताब्यात दिली की तुमची शेंडीपण ताब्यात जाते.

पोलीस चौकीत गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा हवालदार म्हणाले, डेटा मिळाला ना, मग फसवणूक कुठंय? मी म्हटलं डेटा गेलाच नव्हता हो! ते म्हणाले, मग तक्रार कशाची? या प्रश्नाला उत्तर काय देणार, सांगा. सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. तिथे गेलो तर, ओटीपी दिला का? लिंकवर क्लिक केलं का? नाही, मीच क्यूआर स्कॅन करून दिले. मग हा सायबर नाही, हा व्यवहार आहे, हद्दीच्या चौकीत जा. परत चौकी. अर्ज तीन प्रतींत द्या. दिला. शिक्का मारणाऱ्याने अर्ज खालीवर करून बघितला आणि म्हणाला, "छान टाइप केलाय, कुठून केला? भाचीची पत्रिका करायचीय." शपथेवर सांगतो, असंच म्हणाला. आणि मी त्याला माझं कार्ड दिलं. धंदा आहे, काय करता.

मग ग्राहक तक्रार. खिडकीवरचे म्हणाले, तुम्ही डिस्क धंद्याला वापरता म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धवट ज्ञान आहे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्वतः राबून पोट भरणाऱ्यासाठी अपवाद दिलाय, वकिलाने कलम दाखवलं तेव्हा कळलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, हेही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. सांगितलं एवढंच, बिल आणा. बिल असतं तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो! चार खेपा, दुकान बंद ठेवून, त्या दिवसांचा धंदा वेगळाच बुडाला. तुमचे पैसे लिंक-ओटीपीने गेले असतील तर मात्र तासाभरात 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, तिथे वेळेला किंमत आहे. माझ्यासारखे स्वतःच्या हाताने पैसे दिलेल्यांनी आधी 1915 ला, ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तक्रार क्रमांक घ्या, काही नाही तर तेवढा कागद तरी होतो.

जाता जाता अजून एक. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र घरचे प्रयोग नकोत, बंद करा आणि खरंच जाणत्याकडे न्या, त्याला पैसे लागतातच. एसएसडीवरून (फिरत्या चकतीऐवजी चिपवाल्या डिस्कवरून) डिलीट झालेलं तर बहुतेकदा परत येतच नाही, कुणी छातीठोक सांगत असेल तर पाया पडून बाहेर या.

दिवाळीनंतर एका मित्राला त्या दुकानात पाठवलं, जुनी एक टीबी मिळेल का विचारायला. त्याने काउंटरवरच्या डिस्कचा फोटो पाठवला. कोपऱ्याला हळदकुंकवाचा डाग. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला मशीन, कटर, डिस्क सगळ्याची पूजा होते, तो डाग दर वर्षी त्याच कोपऱ्यावर लागतो. "डेड" झालेली माझी डिस्क "जवळजवळ नवीन" म्हणून 4,200 ला. मित्राला म्हटलं घेऊन टाक, 3,800 ला दिली. फॉरमॅट मारलेली होती, वरवरचा. त्याच पोरीने फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं, रात्रभर चाललं, सकाळी हजारो फायली, नावं कुणालाच नाहीत, नुसते आकडे. पहिलीच उघडली ती माझ्या एका गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचं स्कॅन.