टीजीएफ-बीटाच्या तीन वायल: वणाचा अभ्यास करायला कितपत उपयोगी?

फायब्रोब्लास्टवर (कोलॅजन बनवणाऱ्या पेशींवर) वणनिर्मितीचा प्रयोग लावायचा तर रीकॉम्बिनंट (जनुकतंत्राने बनवलेला) टीजीएफ-बीटा, म्हणजे पेशींना संकेत देणारं प्रथिन, लागतोच. बीटा-१, बीटा-२ आणि बीटा-३ हे तिन्ही प्रकार कोरड्या पावडरीच्या वायलमध्ये मिळतात, आणि तुलनेसाठी तिन्ही एकदम मागवण्याचा मोह होतो. प्रथिनं म्हणून तिन्ही विश्वासार्ह आहेत. पण ‘बीटा-१ वण घडवतो, बीटा-३ वण रोखतो’ हे कल्चर डिशमध्ये दिसेल या अपेक्षेने मागवणार असाल, तर थांबा.

आधी वायलबद्दल. आत असतं ते परिपक्व, सक्रिय रूप: ११२ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, मिळून २५ किलोडाल्टन. हे प्रथिन प्लास्टिकला चिकटतं आणि उदासीन पीएचला त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून पावडर थेट पीबीएसमध्ये (उदासीन फॉस्फेट द्रावणात) विरघळवू नका. वायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा; झाकणाला लागलेली पावडर दिसतही नाही. मग १ मिग्रॅ/मिली बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असलेल्या ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा. २ मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर घातले की २० मायक्रोग्रॅम/मिलीचा साठा होतो. त्याचे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

बहुतेक प्रयोगांना ५ नॅनोग्रॅम/मिली पुरतं. साठ्यातून थेट घ्यायचं तर १ मिली माध्यमाला पाव मायक्रोलिटर लागेल, आणि तेवढं कुठलंही पिपेट नेमकं उचलत नाही. बीएसए घातलेल्या माध्यमात आधी २० पट विरळ करा, मग ५ मायक्रोलिटर घ्या. कंट्रोल विहिरीत (टीजीएफ-बीटा न घातलेल्या, तुलनेच्या खाचेत) तितकंच आम्ल आणि बीएसए गेलं पाहिजे. हे विसरलं की पुढचे सगळे आकडे संशयास्पद.

प्रयोग फसण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र वायलच्या बाहेर असतं: सीरम, म्हणजे पेशींच्या माध्यमात घालतात तो रक्तद्रव. गाईच्या सीरममध्ये निष्क्रिय टीजीएफ-बीटा भरपूर असतो, आणि गाईचं परिपक्व बीटा-१ माणसाच्या प्रथिनासारखंच असल्यामुळे एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित मोजणीला फरक कळत नाही. पेशी ०.५ टक्के किंवा त्याहून कमी सीरमवर १६ ते २४ तास ठेवून मगच मात्रा द्या. शिवाय कडक प्लास्टिकवर फायब्रोब्लास्ट आपसूक मायोफायब्रोब्लास्टकडे (आकुंचन पावणाऱ्या, वण घडवणाऱ्या रूपाकडे) झुकतात. अनेकदा पॅसेज केलेल्या (नव्या डिशमध्ये हलवत वाढवलेल्या) पेशींत एसीटीए२ (मायोफायब्रोब्लास्टची खूण) आधीच इतकं वाढलेलं असतं की प्रथिन घालूनही फारसं वर जात नाही, आणि दोष उगाच वायलवर येतो.

जनुकपातळीवर वेळ पाळा. स्मॅड२ व स्मॅड३ या टीजीएफ-बीटाचा संकेत केंद्रकात नेणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढणं ३० ते ६० मिनिटांत शिगेला जातं. त्यातला स्मॅड३ डीएनएवरच्या सीएजीए खुणांना स्वतः चिकटतो. स्मॅड२ च्या नेहमीच्या रूपाला ते जमत नाही. म्हणून प्रवर्तकाचा (जनुक चालू करणाऱ्या डीएनए-भागाचा) अभ्यास असेल तर स्मॅड३ वरच लक्ष ठेवा. सर्पाइन१ आणि स्मॅड७ ही जनुकं लवकर चढतात, त्यांना २ ते ६ तास बघा. कॉल१ए१ या कोलॅजनच्या जनुकासाठी २४ तास, तर एसीटीए२ च्या प्रथिनासाठी ४८ ते ७२ तास द्या. स्मॅड७ हा संकेताला लगाम घालतो, त्यामुळे फक्त शेवटच्या वेळेला फॉस्फो-स्मॅड मोजला तर संकेत गेलाच नाही असं वाटू शकतं. क्यूपीसीआरमध्ये (जनुकांची अभिव्यक्ती मोजताना) बीटा-अ‍ॅक्टिनचं जनुक संदर्भ म्हणून वापरू नका. टीजीएफ-बीटा तेच बदलतो. एका विहिरीत १० मायक्रोमोलर एसबी-४३१५४२ घाला; हे रसायन एएलके५ या टीजीएफ-बीटाच्या पहिल्या प्रकारच्या रिसेप्टरला रोखतं. परिणाम त्यानेही गेला नाही, तर तो एएलके५ मार्गाचा नाही.

आता तिघांमधला फरक. बीटा-१ आणि बीटा-३ दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरला थेट घट्ट बसतात. बीटा-२ ला बीटाग्लायकन या सहायक रिसेप्टरची मदत लागते. फायब्रोब्लास्टमध्ये बीटाग्लायकन असतं, त्यामुळे तिथे तिघांचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतात. ते कमी असलेल्या एंडोथेलियल पेशींत बीटा-२ फिका पडतो. बीटा-२ ची वायल घेण्याआधी टीजीएफबीआर३ ची (बीटाग्लायकनच्या जनुकाची) अभिव्यक्ती तपासा.

शरीरातला मोठा फरक या वायलमध्ये येतच नाही. तिथे प्रथिन एलएपी या त्याच्याच पूर्वरूपातल्या तुकड्याच्या वेष्टनात अडकलेलं असतं. बीटा-१ आणि बीटा-३ च्या एलएपीवर इंटेग्रिनला (पेशीपृष्ठावरच्या प्रथिनाला) पकडण्याजोगा आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा क्रम असतो, बीटा-२ च्या नाही. शिवाय तिघांची जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर, वेगळ्या प्रवर्तकांखाली आहेत. बीटा-१ च्या प्रवर्तकावर एपी-१ या जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाच्या जागा असल्यामुळे तो स्वतःचं उत्पादन स्वतःच वाढवतो. सक्रिय प्रथिन ओतलं की नियमनाचे हे दोन्ही थर वगळले जातात.

बीटा-३ बद्दलची आशा उंदीरवर्गीय प्राण्यांतल्या जखमांवरून आली होती. माणसांत त्याच प्रथिनावर बेतलेलं अ‍ॅव्होटर्मिन हे औषध २०११ मध्ये चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरलं. डिशमध्ये बीटा-३ कोलॅजन वाढवतोच, म्हणून त्याला ‘वणविरोधी कंट्रोल’ म्हणून वापरणं चूक आहे. फायब्रोसिसचा (ऊतीत वणासारखं कोलॅजन साठण्याचा) साधा प्रयोग असेल तर एकटा बीटा-१ आणि एसबी-४३१५४२ घ्या. तिन्ही वायल घ्यायच्या त्या रिसेप्टरचा प्रश्न असेल तेव्हाच.