मिलोची भाकरी की मेट्रोचं कर्ज?

श्रीमंत देशांनी मदत द्यावी का, यापेक्षा कशी द्यावी हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. आपण दोन्ही तऱ्हा पाहिल्यात.

पहिली धान्याची. अमेरिकेच्या पीएल-480 कायद्याखाली 1956 पासून गहू येऊ लागला, तोही रुपयांत पैसे घेऊन. 1965-66 च्या दुष्काळात त्यावर असंख्य लोक तगले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शेतीधोरण बदला, अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर टीका नको, असा दबाव ठेवत अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं थोडीथोडी, हात आखडूनच सोडली. पुढे 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो ही परदेशी लाल ज्वारी आली. तिची भाकरी थापताना काठ फाटायचे. आजीच्या पिढीची तोंडं नुसत्या नावाने वाकडी होतात. (गाजरगवतही त्या अमेरिकन गव्हातूनच आलं म्हणतात.)

दुसरी तऱ्हा स्वस्त कर्जाची. मुंबईतली कफ परेड ते आरे, 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो 3 जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेच्या कर्जावर उभी राहिली. येन वधारला तर हप्ता जड जाणार, पण मिंधेपणा कमी.

मी कर्जाच्या बाजूने. फक्त चूल विझलेल्या देशाला व्याजदर सांगत बसू नये. तिथे आधी धान्यच.