गावापर्यंत आधी कोण पोचलं: पीसीओ की मोबाइल?

१९८४ साली सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि दूरसंचार अभियंता सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने भारतीय हवामानाला साजेसं १२८ लाइनींचं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज (फोन एकमेकांना जोडणारी यंत्रणा) तयार झालं. ते वातानुकूलनाशिवाय धूळ-उन्हात चालायचं. घरोघरी फोन देणं परवडणारं नव्हतं, म्हणून एक फोन अख्ख्या वस्तीचा झाला: पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ, म्हणजे परगावीही पैसे देऊन बोलता येणारा सार्वजनिक फोन-बूथ. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. कित्येक बूथ अपंग व्यक्तींना मिळाले, घरं चालली. हे मला फार मोलाचं वाटतं.

मोबाइल ३१ जुलै १९९५ला आला, पण श्रीमंतांसाठी. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, शिवाय येणाऱ्या कॉललाही पैसे! १९९९च्या दूरसंचार धोरणाने मोबाइल कंपन्यांकडून भरमसाट परवाना शुल्काऐवजी महसुलातला वाटा घ्यायला सुरुवात केली, २००३मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि २००४मध्ये मोबाइलने लँडलाइनला संख्येत मागे टाकलं. तार ओढायची नाही, टॉवर उभारला की झालं. डोंगराळ भागात हा फरक निर्णायक ठरला.

खासगीपणात मोबाइल सरसच. पीसीओत मागचा माणूस सगळं ऐकायचा. पण हप्ता, रिचार्ज, चार्जिंग यांची चिंता न करता खिशातल्या नाण्यावर बोलता येणं गरिबाला पीसीओनेच दिलं.