क्रुगरचा सरकारी कॅम्प की साबी सँडचं खासगी लॉज?

दक्षिण आफ्रिकेचं क्रुगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या पश्चिम हद्दीला लागून असलेलं साबी सँड हे खासगी अभयारण्य यांच्यामध्ये १९९३ पासून कुंपण नाही. हत्ती, सिंह, बिबटे दोन्हीकडे मोकळे फिरतात. जंगल तेच, प्राणी तेच. तरीही साबी सँडच्या एखाद्या चांगल्या लॉजवर जोडप्याला एका रात्रीचे जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात क्रुगरच्या कॅम्पातल्या, म्हणजे उद्यानाच्या आतल्या सरकारी मुक्कामाच्या जागेतल्या, बंगल्यात आठवडा सहज निघतो. मग लॉजवाले नेमके कशाचे पैसे घेतात, हे समजल्याशिवाय बुकिंग करू नका.

ते पैसे पलंगाचे नाहीत आणि खोलीसमोरच्या छोट्या तलावाचेही नाहीत. मोठा फरक एकच आहे: गाडी रस्ता सोडू शकते का?

क्रुगरमध्ये ती रस्ता सोडू शकत नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, कच्च्या रस्त्यावर ४०, ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही आणि गेट बंद व्हायच्या आत कॅम्पात परतायचं. बिबट्या रस्त्यापासून पन्नास पावलांवर गवतात शिरला की विषय संपला. शिवाय बिबट्या दिसल्याची बातमी पसरली की वीस-वीस गाड्या जमतात आणि मधल्या गाडीतल्या माणसाला समोरच्या गाडीचा टपच दिसत राहतो. साबी सँडची जमीन खासगी मालकीची, त्यामुळे नियमही तिथले वेगळे. सिंह किंवा बिबट्या सापडला की रेंजर, म्हणजे लॉजचा गाडी चालवणारा गाइड, उघडी गाडी थेट झुडपांत घालतो. एका जागी दोन-तीनच गाड्या थांबतात; बाकीचे रेडिओवर नंबर लावून लांब उभे राहतात. अंधार पडल्यावरही फेरी चालू असते, सर्चलाइट घेऊन.

आणि ट्रॅकर, म्हणजे प्राण्यांचा माग काढणारा. गाडीच्या बॉनेटवर पुढे एक छोटी खुर्ची बसवलेली असते, तिच्यावर तो बसतो. यांतले बरेच जण आसपासच्या त्सोंगा-शांगान गावांतले असतात. तो नुसता हात वर करतो, गाडी थांबते. खाली वाळूत एक ठसा असतो, आपल्याला तो दाखवूनही पटकन दिसत नाही. ठशाच्या कडा अजून धारदार आहेत का, त्यावरून रात्रीचे किडे गेले आहेत का, दव ठशाच्या आधी पडलं की नंतर, एवढं बघून तो सांगतो की मादी आहे आणि पहाटे गेली आहे. मग रेंजर आणि तो पायी पुढे जातात, कधी वीस मिनिटांनी परत येतात, आणि गाडी एखाद्या ओढ्याच्या काठी नेऊन उभी करतात. वर फांदीवर बिबट्या. हे एकदा तरी पाहावं असं मला मनापासून वाटतं. साबी सँडचे बिबटे पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बघत वाढलेले आहेत, त्यामुळे ते गाडीकडे ढुंकून बघत नाहीत. जगात बिबट्या इतक्या निवांतपणे दिसणाऱ्या जागा फार थोड्या.

पण लॉजच्या दिवसाला एक चाकोरी असते आणि ती ताडोबाला जाणाऱ्याच्या ओळखीची आहे. पहाटे उठवतात, तीन-चार तासांची फेरी, मग नाश्ता. दुपारी चहा आणि पुन्हा फेरी. मधले पाच-सहा तास लॉजवरच. गाडीत आणखी चार-सहा पाहुणे असतात. तुम्हाला धनेश बघायचा असेल आणि त्यांना सिंहच हवा असेल, तर बहुतेक वेळा सिंहाकडेच जावं लागतं.

आपल्या लोकांना खरं नवल वाटेल ते क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवण्याचं. जिप्सी नाही, गाइडची सक्ती नाही, फेरीची वेळ नाही. भाड्याची साधी मोटार घ्यायची, गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत हवं तिथे थांबायचं. तिकडे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे हात लगेच बसतो. जाण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना तेवढा काढून घ्या. स्कुकुझा ते लोअर साबी या दोन कॅम्पांमधला नदीकाठचा रस्ता, लोअर साबीच्या दाराशीच असलेलं सनसेट डॅम, सातारा कॅम्पाच्या बाजूचा सिंहांसाठी नावाजलेला एस-१०० हा कच्चा रस्ता, यांतल्या प्रत्येकाला एकेक दिवस द्यावा. सनसेट डॅमवर गाडी बंद करून तासभर बसलात तर पाणघोडे, मगरी, करकोचे, पाण्यावर येणारे हत्ती असं सगळं आपोआप समोरून जातं. संध्याकाळी कॅम्पातल्या नकाशाच्या फळ्यावर लोक रंगीत टाचण्या लावतात, आज कुठे काय दिसलं त्याच्या. दुसऱ्या दिवसाचा बेत तिथेच ठरतो. स्वतः शोधून काढलेला एक सिंह आणि दाखवलेले चार सिंह यांत मला पहिलाच जास्त लक्षात राहतो. रात्रीची फेरी हवी असेल तर कॅम्पातूनही उद्यानाच्या उघड्या गाड्या निघतात, वेगळे पैसे भरून. फक्त त्याही रस्ता सोडत नाहीत.

जेवणाचं म्हणाल तर लॉजवर आधी कळवलं की शाकाहारी, अगदी कांदा-लसणाशिवायचंही करून देतात. कॅम्पातल्या उपाहारगृहांत शाकाहाऱ्याला चार दिवसांत कंटाळा येईल, पण अनेक बंगल्यांत स्वयंपाकाची सोय असते. डाळ-तांदूळ-मसाले जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात भारतीय दुकानांतून घ्या आणि खिचडी लावा.

घरात लहान मूल असेल तर कॅम्पच बरा. बऱ्याच लॉजवर सहा वर्षांखालच्या मुलांना सगळ्यांबरोबरच्या फेरीत घेत नाहीत, वेगळी गाडी घ्यायला लावतात, आणि तिचा खर्च डोळे पांढरे करणारा असतो. शिवाय मोठ्या कॅम्पांना कुंपण असतं. अनेक लॉजना ते नसतं. अंधार पडल्यावर खोलीतून जेवायला जायचं तरी कर्मचारी सोबत येतो. उलट आई-बाबा सत्तरीचे असतील, दिवसभर गाडी चालवणं झेपणार नसेल, तर लॉजचे दोन दिवस त्यांच्यासाठी खरोखर सुखाचे जातात.

मलेरियाचा धोका दोन्हीकडे सारखाच, पावसाळी महिन्यांत म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मे जास्त. निघण्याआधी डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोला. मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा, गवत बसलेलं, प्राणी पाणवठ्यावर. मात्र पहाटे उघड्या गाडीत थंडी हाडांत शिरते. टोपी-हातमोजे न्याच.

जाहिरातींत 'क्रुगरजवळचं आलिशान लॉज' असं दिसलं की नकाशा उघडा. मार्लोथ पार्क, हेझीव्ह्यू ही ठिकाणं छान आहेत, पण ती उद्यानाबाहेर आहेत. तिथून रोज गेटवर जाऊन क्रुगरचेच नियम पाळावे लागतात. लॉजचे पैसे मोजायचे असतील तर ते साबी सँड, टिंबावाती, क्लासेरी, मन्येलेती असल्या अभयारण्याच्या आतलं असलं पाहिजे. आणि बुकिंगआधी तीन गोष्टी लेखी विचारा: तुमच्या गाड्यांना किती जमिनीवर फिरायचा हक्क आहे, गाडीवर स्वतंत्र ट्रॅकर असतो का, आणि एका गाडीत जास्तीत जास्त किती पाहुणे बसवता. अभयारण्याच्या प्रवेशाचे पैसे आणि रेंजर-ट्रॅकरची बक्षिसी बहुधा दरात धरलेली नसते, तीही मोजा.

पैसे कुठे जातात याचाही विचार ज्याने-त्याने करावा. साबी सँडमधल्या मालामाला या लॉजची जमीन २०१३ मध्ये, जमिनीवरचा जुना दावा मिटवून, न्वांडलमहारी समाजाकडे परत आली आणि लॉज तिथे चालूच राहिलं. असं लॉज निवडलं तर मला खर्च जास्त पटतो.

माझं मत विचाराल तर आठवडा हातात असेल तेव्हा आधी क्रुगरमध्ये चार-पाच रात्री, मग लॉजवर दोन. हा क्रम उलटा करू नका. आधी लॉज केलंत तर क्रुगरच्या रस्त्यावर तासभर काही न दिसणं सोसत नाही. आधी क्रुगर केलंत तर डोळे तयार होतात, आणि ट्रॅकर काय करतोय ते कळायला लागतं. लॉजवर तिसरी रात्र मी घेणार नाही. त्या पैशांत क्रुगरच्या उत्तरेकडच्या ओलिफांट्स किंवा लेटाबा कॅम्पाला जास्तीचे दिवस राहता येतं. कॅम्पांचं आरक्षण अकरा महिने आधी उघडतं आणि लोअर साबी फार लवकर भरतं, तेव्हा आधी तिथली तारीख मिळवा आणि लॉजची तारीख तिच्यामागे जुळवा.